मुलांना शिकायचंच नाहीये, मी काय करू? नववी-दहावीला गणित शिकवणाऱ्या एका सरांचं लांबलचक उत्तर

टीचर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलात तुम्ही नववी-दहावीला गणित आणि सायन्स शिकवता, नववीत अडतीस मुलं, पहिल्या युनिट टेस्टला त्यातली निम्म्याहून जास्त नापास झाली, होमवर्क कोणी करत नाही, मागच्या बाकांवर दोन-तीन जण सरळ डोकं टेकून झोपतात, पालक पीटीए मीटिंगला फिरकत नाहीत आणि हेडमास्तर म्हणतात रिझल्ट दाखवा. शेवटी तुम्ही विचारलंय की ज्यांना शिकायचंच नाही त्यांना मोटिव्हेट कसं करायचं, की सरळ नोकरी सोडून द्यायची.

मीही गणिताचाच, फोंडा आणि सत्तरी भागातल्या शाळांतून बरीच वर्षं नववी-दहावी घेतोय. नोकरी सोडायची की नाही ते मी सांगणार नाही, ते घरची परिस्थिती बघून तुम्हीच ठरवा. पण प्रश्नाचा पहिला भाग माझ्या मते चुकीच्या टोकाने धरलाय, आणि तो तसा धरला की माणूस वैतागणारच.

आपण धरून चालतो की आधी मुलाला इच्छा व्हायला पाहिजे, मग तो अभ्यास करेल, मग मार्क पडतील. माझ्या वर्गांत मी बहुतेक वेळा उलटंच बघितलंय. आधी काहीतरी जमतं, छोटंसं का असेना पण खरोखर जमतं, मग तो पोरगा पुढचं करून बघतो, आणि इच्छा वगैरे त्याच्या मागून येते. सहावीपासून ज्याला गणितात कधी दहा-बारा मार्कांच्या वर गेलेलं आठवत नाही त्याच्या जागी बसून बघा ना. त्याने महिनाभर मान मोडून अभ्यास केला आणि तरी नापास झाला तर सगळ्या वर्गासमोर सिद्ध होणार की हा ढ आहे. आणि अभ्यासच केला नाही, मस्ती केली, वही आणली नाही, तर नापास झाल्यावर म्हणता येतं की मी कुठे अभ्यास केला होता. त्याच्या दृष्टीने दुसरा सौदा स्वस्त आहे. आपण त्याला आळस म्हणतो, पण पोरगा हिशेब बरोबर करतोय, गणितात नापास असला तरी!

यावर जुनं संशोधन आहे. १९६७ च्या सुमारास सेलिगमन आणि मायर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर प्रयोग केले होते, ज्या कुत्र्यांना सुरुवातीला विजेचा झटका काही केल्या थांबवता येत नव्हता, ती नंतर सुटायची वाट समोर असतानाही बहुतेक करून पडून राहिली, उठलीच नाहीत. आणि बांडुरा म्हणून मानसशास्त्रज्ञ होते त्यांनी १९७७ मध्ये मांडलं की 'मला हे जमेल' असं माणसाला वाटायला लागतं ते सगळ्यात जास्त स्वतः आधी काही जमवलेलं असल्यामुळे, दुसऱ्याने कितीही सांगितलं तरी त्याचा जोर त्या मानाने कमीच. म्हणून ते मोटिव्हेशनल स्पीकर बोलावणं, हॉलमध्ये मुलांना बसवून कलामसाहेबांच्या गोष्टी सांगणं, आईवडिलांचे कष्ट आठवून मुलांना रडवणं, यावर माझा काडीचा विश्वास नाही. मुलं रडतात हो, अगदी मनापासून रडतात, आणि दुसऱ्या दिवशी मायनस तीन वजा मायनस पाच विचारलं की तीच मुलं खाली मान घालून बसतात, कारण ते काल कोणी शिकवलंच नाही.

आता मूळ प्रश्न असा की नववीत येईपर्यंत हे झालं कसं. आपल्याकडची एक गोष्ट बाहेरच्या लोकांना पटकन लक्षात येत नाही. तुमच्या वर्गातली बरीच मुलं गावच्या सरकारी प्रायमरीत मराठीतून चौथी झालेली असणार, आणि पाचवीला हायस्कूलात आल्या आल्या सगळं इंग्लिश मीडियम. घरी कोकणी, शाळेत चार वर्षं मराठी, आणि अचानक सायन्स, सोशल सायन्स, गणित सगळं इंग्लिशमधून, तेही दहा वर्षांच्या वयात. ज्यांच्या घरी कोणी बघणारं होतं किंवा ट्यूशन होती ती मुलं वर्षभरात सावरली. बाकीच्यांनी पाचवी-सहावी ही दोन वर्षं फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवून काढली. आणि अपूर्णांक, दशांश, ऋण संख्या, हे सगळं नेमकं त्याच दोन-तीन वर्षांत येतं. म्हणजे भाषा सुटली तेव्हाच गणिताचा पायाही सुटला, आणि नंतर दोन्ही एकदम कोणी परत भरून काढलं नाही.

त्यात आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा. २००९ च्या कायद्यात आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचं नाही असं होतं, २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन थांबवायची मुभा राज्यांना मिळाली. न थांबवण्याचं धोरण चांगलं की वाईट यावर शिक्षकांत मारामाऱ्या होतात, माझं मत असं की नापास न करणं ठीक होतं, पण मूल कुठे अडलंय ते बघून मधल्या मधे शिकवणं त्या कायद्यात जितकं अपेक्षित होतं तितकं कुठे झालंच नाही. सगळा बोजा येऊन पडला नववीच्या टीचरवर. बाहेर मात्र चित्र झकास दिसतं, गोवा बोर्डाचा दहावीचा निकाल अलीकडे ९० टक्क्यांच्या वर लागतो, शाळेच्या गेटवर १०० टक्क्यांचा बॅनर लागतो, आणि त्यासाठी नववीत कोणाला अडवून ठेवलं हे बॅनरवर लिहीत नाहीत.

आणि हे फक्त तुमच्या वर्गात आहे असं वाटून घेऊ नका. असर म्हणून मुलांच्या शिक्षणाची पाहणी करतात, त्यांनी २०२३ मध्ये २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी केली होती, त्यात साधारण पाव मुलांना स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता येत नव्हता, आणि तीन आकडी संख्येला एक आकडी संख्येने भागायचं गणित फक्त ४३ टक्क्यांच्या आसपास मुलांना आलं. ही नववी ते बारावीच्या वयाची मुलं. यांना आपण पॉलिनॉमियलचे फॅक्टर पाडायला सांगतो.

म्हणून पहिलं काम. पुढच्या आठवड्यात पोर्शन दोन दिवस बाजूला ठेवा आणि एक साधी चाचणी घ्या, मार्क द्यायचे नाहीत, कुठे लिहायचे नाहीत, मुलांना तसं स्पष्ट सांगायचं. हातच्याची वजाबाकी, तीन आकडी भागिले एक आकडी, दोन अपूर्णांकांची बेरीज, ऋण संख्यांची दोन गणितं, टक्केवारी, एक साधं समीकरण. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक शाब्दिक उदाहरण इंग्लिशमध्ये छापलेलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच धर्तीचं, आकडे बदलून, तुम्ही तोंडी कोकणीत किंवा मराठीत सांगायचं. कागदावर ज्यांनी ते कोरं सोडलं त्यातल्या किती जणांनी ऐकून सोडवलं ते मोजा. माझ्या वर्गांत दर वेळी अशी मुलं निघतात, आणि दर वेळी एखाद-दुसरं नाव असं असतं की ज्याला सगळा स्टाफ ढ म्हणून मोकळा झालेला असतो.

ही चाचणी झाली की तुमचा 'अडतीस अनमोटिव्हेटेड मुलांचा वर्ग' राहत नाही. काही मुलांना गणित येतंय पण इंग्लिश वाचता येत नाही. काहींचं घोडं भागाकार-अपूर्णांकात अडलंय. तीन-चार जण असे की सगळं येतंय, फक्त करत नाहीत, खरे आळशी म्हणा हवं तर, पण ते तीन-चारच असतात. आणि दोघं-तिघं असे की ज्यांचं काहीच नीट कळत नाही, त्यांच्याबद्दल पुढे लिहितो. या चार गटांना एकच लेक्चर आणि एकच होमवर्क देऊन काय होणार?

ज्यांची अडचण भाषेची आहे त्यांचं सगळ्यात लवकर होतं. वर्गात गणित कोकणीतून समजवा, बिनधास्त समजवा, कोणी इन्स्पेक्टर काही म्हणत नाही, पण लिहायचं इंग्लिशमध्ये आणि प्रश्न वाचायचाही इंग्लिशमध्येच, कारण पेपर तसाच येणार. मी धड्यागणिक दहा-बाराच शब्द काढतो जे प्रश्नात पुन्हा पुन्हा येतात, ते पाठीमागच्या पानावर मराठी अर्थासकट लिहून घेतो, आणि रोज एकजण मोठ्याने प्रश्न वाचतो, दुसरा तो कोकणीत सांगतो, तिसरा नुसतं सांगतो की काय दिलंय आणि काय काढायचंय. उत्तर काढायचं नाहीच. सुरुवातीला मुलं हसतात. एक-दोन महिन्यांनी तीच मुलं शाब्दिक गणिताला हात घालायला लागतात.

पाया कच्चा असलेल्यांचं काम जास्त चिवट आहे. त्यांना वेगळं काढून 'रेमेडियल' अशी पाटी लावून शाळा सुटल्यावर बसवू नका, निदान सुरुवातीला तरी नको, कारण एक तर बस चुकते (आपल्याकडे कदंबा गेली की पुढची कधी ते देव जाणे) आणि दुसरं म्हणजे त्या खोलीत जाणं म्हणजे ढ असल्याचा शिक्का. मी तासाची पहिली दहा मिनिटं वापरतो. फळ्यावर पाच गणितं, त्यातली तीन जुनी, म्हणजे त्या मुलांना हमखास येणारी किंवा कालच शिकवलेली, एक मागच्या महिन्यातलं, एक आजच्या धड्यातलं. वही बंद, बघून लिहायचं नाही. मी फिरत फिरत तिथल्या तिथे टिक करतो, मार्क रजिस्टरमध्ये घालत नाही. आठवून लिहिण्याने लक्षात राहतं हे रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रयोग करून दाखवलंय, परत परत वाचण्यापेक्षा स्वतःची परीक्षा घेतलेलं आठवड्याने जास्त टिकतं. पण माझं कारण त्याहून साधं आहे, त्या दहा मिनिटांत मागच्या बाकावरच्या पोराला रोज तीन टिक मिळतात. त्याला कित्येक वर्षांत गणिताच्या वहीवर लाल फुल्या सोडून काही मिळालेलं नसतं.

इथे एक काळजी घ्या. गणित सोपं द्या, पण खोटं सोपं देऊ नका. नववीच्या पोराला दोन अधिक तीन देऊन 'व्हेरी गुड' म्हटलं तर त्याला ते अपमानासारखं लागतं, मुलांना हे बरोबर कळतं. गणित असं पाहिजे की त्याला थोडं डोकं लावायला लागेल आणि मग सुटेल. हा अंदाज यायला वेळ लागतो, आणि त्यासाठीच ती चाचणी.

टेस्टचं पण बदला. युनिट टेस्टला सात मार्क मिळाले की विषय संपला, पुढचा धडा सुरू, असं चाललं तर मुलगा का धडपडेल? माझ्याकडे नियम असा की त्याच भागावर परत टेस्ट देता येते, आकडे बदललेली, पण त्याआधी पहिल्या पेपरातल्या चुका दुरुस्त करून आणायच्या आणि दोन गणितं मला तोंडी समजावून सांगायची. शाळेच्या रेकॉर्डला काय घालायचं ते नियमाप्रमाणे घाला, पण वर्गात भिंतीवर किंवा त्याच्या वहीत दोन्ही मार्क राहू देत, आधी सात, मग अकरा. अकरा म्हणजे अजून नापासच, ते मला माहीत आहे. पण सातवरून अकरा हे त्याने केलं आणि ते त्याला दिसतं.

बक्षिसांबद्दल विचारलंय, चॉकलेट वगैरे. छोट्या कामाला कधीतरी चालतं, पण त्याची सवय लागली की चॉकलेट बंद झाल्यावर काम पण बंद. १९७१ मध्ये डेसी यांच्या कोड्यांच्या प्रयोगात हेच दिसलं होतं, ज्यांना कोडं सोडवायचे पैसे दिले त्यांनी पैसे बंद झाल्यावर कोड्यात आधीपेक्षा कमी वेळ घातला. आणि ओरडणं, उठाबशा, बाहेर उभं करणं, हे सोडा. आरटीईच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे हा एक भाग, आणि दुसरा भाग म्हणजे ज्या पोराला वर्गात बसायचंच नाहीये त्याला बाहेर उभं करणं ही शिक्षा कशी होईल?

आता झोपणारी मुलं. इथे खरंच परिस्थितीवर अवलंबून आहे आणि मला तुमचा वर्ग माहीत नाही, म्हणून मी उत्तर देत नाही, प्रश्न देतो. एकेकाला बाजूला घेऊन, वर्गासमोर नाही, नुसतं विचारा की काल किती वाजता झोपलास आणि आज सकाळी काय खाल्लंस. अर्ध्या वेळा उत्तर मोबाईल असतं, ठीक आहे, ते पालकांशी बोलायचं. पण पेडणे-बार्देशच्या किनाऱ्याकडे शिकवणाऱ्या टीचर मला सांगतात की पोरगा रात्री काकाच्या शॅकवर (किनाऱ्यावरच्या हॉटेलात) किंवा केटरिंगवाल्यासोबत लग्नांना जातो. सीझन ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत, आणि आपला खरा अभ्यासाचा काळही नेमका तोच. तुमच्याकडे डिचोलीत वेगळं असेल, तिथे खाणीवर चालणारा घरचा ट्रक उभा राहिलेला असतो. २०१२ ला मायनिंग बंद झालं, मग थोडं सुरू झालं, २०१८ ला परत थांबलं, या मुलांचं सगळं लहानपण घरात हप्ता कसा भरायचा ही चर्चा ऐकण्यात गेलं. अशा घरातून आलेल्या पोराला 'शिकलास तर मोठा होशील' म्हणणं त्याला पोकळ वाटतं. त्याने बघितलंय की ट्रक चालत होते तेव्हा न शिकलेल्या बापाने घर बांधलं, आणि बीए झालेला शेजारचा दादा आमदाराच्या दारात नोकरीसाठी फेऱ्या मारतोय.

म्हणून मी 'शिक्षणाने आयुष्य बदलतं' हे भाषण बंद केलं. त्याऐवजी जे खरं आहे तेवढंच सांगतो. टॅक्सी चालवून तू माझ्यापेक्षा जास्त कमावशील, शक्य आहे. पण आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनला, बोटीवर जायला, सरकारी खात्यातल्या बऱ्याचशा साध्या पोस्टना दहावी विचारतात, आणि प्रत्येक विषयात ३३ मार्क ही काही डोंगराएवढी गोष्ट नाही, मी तुला त्यातले कुठले कुठून मिळतील ते दाखवतो. एवढं व्यवहाराचं बोलणं पोरं ऐकून घेतात.

आणि 'याच्या डोक्यात काही शिरतच नाही' असं म्हणायच्या आधी गावच्या जत्रेला जाऊन बघा. आपल्याकडे जत्रेला मराठी नाटक होतं, तालमी महिना-दीड महिना चालतात. माझ्या एका वर्गात सोशल सायन्समध्ये दर टेस्टला आपटणारा एक मुलगा होता, त्याला जत्रेच्या नाटकात भलीमोठी भूमिका, पल्लेदार जुनी मराठी वाक्यं, आणि एक ओळ चुकला नाही. दुसऱ्याची ओळ विसरली तर प्रॉम्प्टरच्या आधी हाच हळूच सांगायचा. म्हणजे स्मरणशक्ती होती, रात्री बारापर्यंत जागून मेहनत करायची तयारी होती, कोणी ओरडलं तर परत पहिल्यापासून म्हणायची सोसणूक पण होती. तिथे काय होतं जे आपल्या वर्गात नव्हतं? तालीम होती, म्हणजे चुकायला जागा होती आणि चुकल्याचे मार्क कोणी लिहून ठेवत नव्हतं. कोणीतरी रोज ऐकत होतं. ठराविक तारीख होती आणि त्या दिवशी अख्खा गाव बघायला येणार होता. त्या मुलाला मी पुढे वर्गात धडा तोंडी सांगायला उभा करायला लागलो, पेपर लिहिण्याआधी आठवडाभर, आणि सोशल सायन्सच्या बाईंनीही तेच केलं. त्याने बोर्डात काही झेंडे लावले नाहीत. पास झाला.

मघाशी म्हटलेली दोघं-तिघं, ज्यांचं काहीच कळत नाही. त्यात एक प्रकार असा की तोंडी विचारलं तर छान बोलतो, पण वाचताना अक्षरं गाळतो, लिहिताना आकडे उलटसुलट करतो, १५ चे ५१, फळ्यावरून उतरवायला बाकीच्यांच्या दुप्पट वेळ लागतो. नववीतसुद्धा अशी मुलं न ओळखता आलेली सापडतात. लर्निंग डिसॅबिलिटी आहे की नाही हे आपण ठरवायचं नसतं, पण संशय आला तर पालकांना विश्वासात घेऊन तपासणीला पाठवायचं काम आपलंच. शाळेत काउन्सेलर येत असेल तर आधी त्यांच्याशी बोला, बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मानसोपचार रुग्णालयात, तपासणीची सोय आहे. पालक आयपीएचबी म्हटलं की घाबरतात, 'आमच्या पोराला वेडं ठरवता काय' म्हणतात, तेव्हा शांतपणे समजवायचं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ही अडचण धरलेली आहे आणि बोर्डाच्या परीक्षेला जादा वेळेसारख्या सवलती मिळतात, पण सर्टिफिकेट वेळेत पाहिजे. हे दहावीच्या डिसेंबरमध्ये आठवून उपयोग नाही, नववीतच सुरू करा.

आणि गप्प बसणाऱ्या मुली विसरू नका. मस्ती करणारे मुलगे आपला सगळा वेळ खातात. वही सुंदर, अक्षर मोत्यासारखं, सगळं उतरवलेलं, आणि टेस्टला नऊ मार्क, अशा दोन-तीन मुली प्रत्येक वर्गात असतात, त्यांची तक्रार कोणी करत नाही म्हणून त्यांच्याकडे कोणी बघतही नाही.

पालकांचं. पीटीएला येत नाहीत कारण शाळेतून बोलावणं म्हणजे बोलणी खाणं, हे त्यांना पहिलीपासून माहीत झालंय. आई कुंडईला किंवा वेर्णाला फॅक्टरीत शिफ्टला, दुपारी तीनच्या मीटिंगला पगार कापून येणार कशी? मी संध्याकाळी फोन करतो, आणि पहिला फोन तक्रारीचा नसतो. 'आज तुमच्या मुलाने ऋण संख्यांची पाचही गणितं बरोबर सोडवली', बस, ठेवला फोन. पलीकडे काही क्षण कळतच नाही की यात वाईट बातमी कुठली. नंतर दुसरा फोन मोबाईलबद्दल किंवा झोपेबद्दल केला तर ऐकून घेतात. सगळ्यांना फोन करणं शक्य नाही, आठवड्याला दोन-तीन पुरे.

हेडमास्तरांशी भांडू नका, त्या चाचणीचे कागद घेऊन जा. 'मुलं अभ्यास करत नाहीत' म्हटलं की ते म्हणणार तुम्ही शिकवा नीट. 'सर, अडतीसपैकी इतक्या जणांना भागाकार येत नाही, मला चवथीच्या (गणपतीच्या) सुट्टीपर्यंत रोजची दहा मिनिटं यासाठी पाहिजेत, पोर्शन एवढा मागे राहील, असा भरून काढीन' म्हटलं की बोलणं वेगळं होतं. सगळे हेडमास्तर ऐकतील असं नाही. पण कागद फाईलला लागलेला बरा, पुढे तुमच्याच कामाला येतो.

दहावीच्या वर्गाला मात्र हे सगळं जसंच्या तसं लावू नका. तिथे वेळ नाही. बोर्ड जवळ आलं की मी पाया वगैरे सोडून सरळ निवड करतो, कच्च्या मुलांसाठी स्टॅटिस्टिक्स, प्रोबॅबिलिटी, एपी (अंकगणिती श्रेढी), को-ऑर्डिनेट जॉमेट्रीतला डिस्टन्स फॉर्म्युला, असे धडे जिथे ठराविक पद्धत आहे आणि मागचं फारसं लागत नाही, ते पक्के घोटून घेतो आणि ट्रिग्नॉमेट्रीच्या आयडेंटिटीज त्यांना चक्क सोडायला सांगतो. याला कोणी पोपटपंची म्हणेल. म्हणू दे. नववीत जे करायचं ते नववीत, दहावीच्या जानेवारीत पोराला पास व्हायचंय.

तर तुमच्या हातात आत्ता करायचं एवढंच, की दोन दिवसांची चाचणी, मग रोजची दहा मिनिटं आणि परत देता येणारी टेस्ट, झोपणाऱ्यांशी एकेकट्याने बोलणं, आणि ज्यांची शंका येते त्यांना तपासणीला पाठवणं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मुलं जास्त त्रास देतील, त्याला घाबरू नका, टीचर खरंच टिकणार की चार दिवसांत कंटाळणार हे ती बघत असतात. सगळ्या वर्गांत एकदम सुरू करू नका, एकच तुकडी घ्या, नाहीतर दमून जाल.

आणि सगळी मुलं वळणार नाहीत, हे पण आत्ताच ऐकून ठेवा. काहींचं घरचं इतकं बिघडलेलं असतं की तुमच्या चाळीस मिनिटांनी तिथे काही होत नाही. काहींना शाळा हा प्रकारच जमत नाही आणि हातांनी काम दिलं की ती फुलतात. त्यांच्या बाबतीत माझं काम एवढंच की रस्ता बंद नाही हे त्यांना आणि त्यांच्या आईबापांना माहीत करून देणं. वायरमन, वेल्डर, प्लंबर अशा काही आयटीआय ट्रेडना आठवी पासवर प्रवेश आहे, तुमच्या डिचोलीतच आयटीआय आहे, पोराला एकदा नेऊन वर्कशॉप दाखवा. एनआयओएस या सरकारी मुक्त शाळेतून दहावी करता येते, वयाची १४ वर्षं पूर्ण पाहिजेत, विषय निवडता येतात, एकदा नाव घातलं की पाच वर्षांत नऊ वेळा बसायची संधी मिळते आणि पास झालेला विषय परत द्यावा लागत नाही. नववीत दोनदा अडकून घरी बसलेल्या मुलांना ही माहिती कोणीच दिलेली नसते, शाळाही देत नाही कारण ती मुलं रजिस्टरवरून गेली की शाळेचा प्रश्न सुटला.

चाचणीचे प्रश्न काढताना काही अडलं तर विचारा, माझ्याकडे दोन जुने सेट आहेत, पाठवतो. आकडे मात्र बदलून घ्या, तुमच्या दहावीतल्या कोणाचा मोठा भाऊ माझ्याकडे शिकलेला निघाला तर पंचाईत.